स्वभावाचा धनी

‘स्वभावाला औषध नाहीं’ ही म्हण मराठी माणसाच्या तोंडीं इतकी बसलेली आहे कीं, ती म्हणतांना आपण कांहीं मोठा सिद्धान्त मांडीत आहों हें कोणाच्या ध्यानींही येत नाहीं. सासू सुनेविषयीं ती म्हणते, शिक्षक विद्यार्थ्याविषयीं म्हणतो, आणि स्वतःविषयीं तर प्रत्येक जण ती मोठ्या समाधानानें म्हणतो. ‘आमचा स्वभावच असा पडला’ असें म्हणून एकदां मान हालविली कीं, पुढें बोलावयास जागा उरत नाहीं. जणूं स्वभाव म्हणजे पावसासारखी आभाळांतून पडलेली वस्तु. ती अंगावर आली, आपण भिजलों, यांत आपला अपराध तो कोणता? ‘पडला’ या एका क्रियापदांत सारा बचाव सांठविलेला आहे.

आम्ही गेलीं सत्तावीस वर्षें वऱ्हाडांतील एका महाविद्यालयांत तत्त्वज्ञान शिकवीत आहों. इच्छास्वातंत्र्य आणि नैतिक जबाबदारी हें प्रकरण दर वर्षीं येतें; दर वर्षीं आम्ही तें त्याच क्रमानें शिकवितों, आणि परीक्षेपुरतें तें दर वर्षीं सुटतें. मागल्या हिवाळ्यांत मात्र तें आमच्यापुरतें सुटेना. त्याचें कारण कोणत्याही नव्या ग्रंथांत नव्हतें. तें बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तरेस, सातपुड्याच्या पायथ्याशीं असलेल्या आमच्या सोनाळा गांवीं होतें. तें कारण वाचकांपुढें ठेवावयाचें म्हणजे आमची एक जुनी लबाडी ठेवावी लागेल. पण ती ठेवण्यापूर्वीं, प्राध्यापकाच्या खोडीप्रमाणें, आम्ही आधीं सिद्धान्ताकडे वळतों. वाचक यास टाळाटाळ म्हणतील, तर ती टाळाटाळ आहेच.

प्रश्न असा आहे. मनुष्य जें करतो तें आपल्या स्वभावानुसार करतो. तेव्हां कृत्याची जबाबदारी त्याजवर टाकावयाची, तर स्वभावाची जबाबदारीही त्याजवरच असली पाहिजे. पण स्वभाव आला कोठून? कांहीं आईबापांच्या रक्तांतून, कांहीं घरच्या वळणांतून, कांहीं गांवच्या चालीरीतींतून. बरें, मोठेपणीं एखाद्यानें आपला स्वभाव हेतुपुरस्सर बदलला असें म्हणावें, तर तो बदलण्याची इच्छा ज्या स्वभावांतून निघाली, तो तरी त्यानें कोठें घडविला होता? अशा रीतीनें मागें मागें जातां आपण पाळण्यापर्यंत पोंचतों, आणि पाळण्यांतल्या अर्भकास कोणी जबाबदार धरीत नाहीं. गेलेन स्ट्रॉसन या इंग्रज तत्त्वज्ञानें 1994 सालीं एका निबंधांत ही साखळी अशी घट्ट जोडली कीं, तिची एकही कडी सहजासहजीं निखळत नाहीं. स्वतःचा कर्ता स्वतःच होणें कोणास शक्य नाहीं. म्हणून अंतिम अर्थानें कोणीही आपल्या कृत्यास जबाबदार नाहीं, असा त्याचा निष्कर्ष.

हा विचार अगदींच नवा नव्हे. रॉबर्ट ओवेन या ब्रिटिश गिरणीमालकानें 1813 सालींच सांगावयास सुरुवात केली होती कीं, मनुष्याचें शील हें त्याच्यासाठीं घडविलें जातें, तो तें घडवीत नाहीं. त्याच्या अनुयायांस जॉन स्टुअर्ट मिल यानें 1843 च्या आपल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथांत उत्तर दिलें: शील परिस्थितीनें घडतें हें कबूल, पण घडविणाऱ्या त्या परिस्थितींत मनुष्याची स्वतःची, अमुक प्रकारचा होण्याची, इच्छा हीही एक आहे. ती इच्छा कोठून आली, या प्रश्नावर मिलही अडतो. आमच्याकडे लोकमान्य टिळकांनीं मंडालेच्या तुरुंगांत 1910-11 च्या हिवाळ्यांत लिहिलेल्या आणि 1915 सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’चें दहावें प्रकरण याच प्रश्नास दिलें आहे, ‘कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य’ हें त्याचें नांव. कर्माचा सिद्धान्त म्हणजे ही साखळी पाळण्याच्याही मागें नेणें होय. या जन्मींचा स्वभाव मागल्या जन्मींच्या कर्माचा. तो जन्म त्याच्याही मागल्याचा. कर्म अनादि आहे असें मानल्यावर पहिली कडी सांपडावयाची नाहीं हें उघड आहे, आणि म्हणूनच टिळक स्वातंत्र्याचा शोध साखळीच्या आरंभापाशीं घेत नाहींत. तें ते आज, याच देहांत, ज्ञानाकडे वळूं पाहणाऱ्या आत्म्याच्या प्रवृत्तींत शोधतात. त्यांचा वेदान्त कोणास मान्य असो वा नसो, शोधाची ही दिशा आम्हांस महत्त्वाची वाटते. तिच्याकडे पुन्हां येऊं.

आतां टाळाटाळ पुरे.

शेगांवाहून उत्तरेस निघालें म्हणजे पूर्णा नदी ओलांडून रस्ता खारपाणपट्ट्यांत शिरतो. काळी सपाट जमीन, मचूळ पाण्याच्या विहिरी, आणि दूरवर सातपुड्याची निळी रेघ. ती रेघ जवळ येऊन तिच्यांतलीं झाडें वेगवेगळीं दिसूं लागलीं कीं सोनाळा आलें. गांवाच्या पाठीशीं अंबाबरव्याचें जंगल. गांवांत सोनाजी महाराजांचें संस्थान. त्यांची यात्रा हा आमच्या लहानपणींचा वर्षांतला सर्वांत मोठा दिवस होता. दिवाळीस नवे कपडे नसले तरी चालत. यात्रेंत खिशांत चार पैसे नसणें ही मात्र आम्हां मुलांस मरणप्राय लाज वाटे.

गोष्ट 1981 सालची. कपाशीची एकाधिकार खरेदी चालू होती, आणि कापूस संकलन केंद्रावरून आलेला चुकारा वडिलांनीं देवघरांतल्या कोनाड्यांत, पोथीखालीं ठेविला होता. त्यांतून आम्हीं चाळीस रुपये काढले. यात्रेंत टुरिंग टॉकीजचे दोन खेळ पाहिले, मित्रांस गोडीशेव चारली, एक बॅटरी घेतली आणि ती नदीपलीकडल्या मित्राकडे ठेविली. आमचें वय तेव्हां बारा वर्षें चार महिने होतें. हा हिशेब आम्हीं पुढें अनेकदां केला आहे. कारण 1860 च्या दंडसंहितेनें सात वर्षांखालील मुलाचें कृत्य अपराधांत धरलें नव्हतें, आणि सात ते बारा वर्षांच्या मुलाच्या बाबतींत त्याची समज पाहावी असें म्हटलें होतें. 2024 सालीं अमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेनेंही ती रेघ तेथेंच ठेविली आहे. त्या रेघेच्या पलीकडे आम्ही चार महिन्यांनीं गेलों होतों.

त्या वर्षीं आमच्या ज्वारीची आणि कपाशीची राखण एका फासेपारध्याकडे होती. धुऱ्यावर त्याचें पाल होतें. त्याचा मुलगा, आमच्याहून वर्षा-दीड वर्षानें मोठा, रोज सकाळीं भाकर नेण्यास आमच्या अंगणांत येई. तो आमच्याबरोबर गोट्या खेळे. गलोलीचा त्याच्यासारखा नेम गांवांत कोणाचा नव्हता. पैसे कमी भरले तेव्हां घरांत कोणी आमचें नांवही घेतलें नाहीं. आजीनें एवढेंच म्हटलें कीं, पारध्याचें पोर सकाळीं अंगणांत होतें. त्यापुढें कांहीं सिद्ध करावयाचें उरलें नाहीं. पारावर त्याच्या बापास बोलावणें गेलें. बापानें सर्वांसमक्ष मुलास कपाशीच्या पऱ्हाटीनें मारलें. आम्ही वडिलांच्या मागें उभे राहून तें पाहत होतों. मुलगा ‘म्या नाही घेतले’ एवढेंच शेवटपर्यंत म्हणत राहिला, आणि जितकें म्हणे तितका तो निगरगट्ट ठरत गेला. आठ दिवसांत राखण सुटली, पाल उठलें. आम्ही कांहीं बोललों नाहीं.

या आमच्या कृत्याचीं कारणें आम्हांस मोठेपणीं फार चांगलीं सांगतां येऊं लागलीं. आमच्या आजोबांनीं पत्त्यांत दोन एकर जमीन घालविली होती. म्हणजे रक्तांतच कांहीं तरी असावें. वडील अतिशय कडक. त्यांच्यापुढें खरें बोलण्याची घरांत कोणास संवय नव्हती. सोबती खर्चिक होते. वय कोवळें होतें. या यादींतलें एकही कारण खोटें नाहीं. 1983 सालीं बेंजामिन लिबेट या अमेरिकन शास्त्रज्ञानें प्रसिद्ध केलेले प्रयोग वाचल्यावर त्या यादींत आणखी एकाची भर पडली. बोट हालविण्याची इच्छा माणसास जाणवण्यापूर्वींच, सुमारें एकतृतीयांश सेकंद आधीं, मेंदूंत त्या हालचालीची तयारी सुरू झालेली असते, असें त्यास आढळलें होतें. तेव्हां कोनाड्यांत गेलेला तो हात ‘आम्हीं’ हालविला असें तरी कशावरून म्हणावें? वर्गांत हें सांगतांना आम्हांस एक प्रकारचें सुख होत असे. त्या सुखाचें मूळ आम्हीं कधीं तपासलें नाहीं.

मागल्या हिवाळ्यांत असेंच व्याख्यान चाललें असतां शेवटच्या बाकावरील एका विद्यार्थ्यानें विचारलें, ‘सर, ज्यानें चोरी केली त्याच्या स्वभावाचीं कारणें तुम्हीं सांगितलीं. पण ज्यानें चोरी केलीच नाहीं, आणि त्याचा स्वभावच चोराचा असें गांवानें ठरवून टाकलें, त्याचें काय?’ प्रश्न विचारणारा विमुक्त समाजांतला होता. त्यास आमची गोष्ट ठाऊक असण्याचा संभव नव्हता. आम्हीं त्यास कांहीं तरी उत्तर दिलें. काय दिलें तें आठवत नाहीं. पण त्या रात्रीं एक गोष्ट प्रथमच स्पष्ट दिसली. आमची सुटका आणि त्या मुलाची शिक्षा, दोन्ही एकाच सिद्धान्तावर उभ्या होत्या. मनुष्य जन्मानें व वळणानें जसा घडतो तसा वागतो, हेंच आजीचें म्हणणें होतें, आणि हेंच आमचें. भेद इतकाच कीं, आमच्या बाबतींत कारणें ही माफी झाली, आणि त्याच्या बाबतींत कारणें हाच पुरावा झाला.

ही एका आजीची चूक म्हणून सोडून देतां येत नाहीं. इंग्रज सरकारनें 1871 सालीं कायदाच केला कीं, कांहीं जमाती या जन्मतः गुन्हेगार होत. प्रथम तो उत्तर हिंदुस्थानांत लागू झाला, 1911 सालीं सर्व देशभर त्याचा विस्तार झाला, 1924 सालीं तो सुधारून पुन्हां मांडला गेला. नोंद झालेल्या जमातींतील माणसानें हजेरी द्यावी, परवान्यावांचून हद्द सोडूं नये, असे त्याचे नियम. सोलापुरास तारेच्या कुंपणाची मोठी वसाहत होती. तिच्यांत माणसें तर माणसें, तिथें जन्मलेलीं लेंकरेंही कुंपणाच्या आंतलीं गणलीं जात. स्वातंत्र्यानंतर 31 ऑगस्ट 1952 रोजीं हा कायदा रद्द झाला. तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. पण कायदा रद्द झाला म्हणून म्हण रद्द होत नाहीं. आमच्या पारावर तो मुलगा मार खात होता तेव्हां कायदा जाऊन एकोणतीस वर्षें झालीं होतीं. लक्ष्मण गायकवाड यांचें ‘उचल्या’ 1987 सालीं निघालें तेव्हां आम्हीं तें महाविद्यालयाच्या वाचनालयांतून आणून एका रात्रींत वाचलें, आणि दुसऱ्या दिवशीं मित्रमंडळींत समाजाच्या अन्यायाविषयीं अतिशय तळमळीनें बोललों. समाज या शब्दांत आम्ही स्वतःस धरलें नव्हतें.

याच्या उलट दुसरें एक उदाहरण मराठी मुलखांतच आहे. 1939 सालीं औंध संस्थानांत, आटपाडीजवळ, स्वतंत्रपूर नांवाची वसाहत निघाली. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेल्या माणसांस तेथें भिंतीवांचून ठेवावयाचें, शेती करूं द्यावयाची, बायकामुलांसह राहूं द्यावयाचें, अशी ती योजना. तिच्यामागें पोलंडहून आलेले मॉरिस फ्रीडमन यांची प्रेरणा होती आणि औंधच्या राजांचा पाठिंबा. व्ही. शांताराम यांचा 1957 चा ‘दो आँखें बारह हाथ’ हा बोलपट याच प्रयोगावरून सुचला. त्याच काळांत सोलापुरास तार होती आणि स्वतंत्रपुरास साधी भिंतही नव्हती. एकीकडे ज्यांनीं कांहीं केलें नव्हतें तींही माणसें कोंडलेलीं, दुसरीकडे ज्यांच्या हातून मनुष्यवध झाला तींही मोकळीं. स्वतंत्रपूर काढणाऱ्यांनीं कैद्याचा स्वभाव कोणी घडविला हा वाद सोडविल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. त्यांनीं त्यास जमिनीचा तुकडा दिला, आणि उद्यांचें उत्तर तूं द्यावयाचें आहेस असें सांगितलें. जबाबदारी ही तेथें मागील कर्माची मोजणी नव्हती. पुढच्या कर्मासाठीं दिलेला विश्वास होता.

हें सारें समजल्यावर आम्ही गेल्या यात्रेस सोनाळ्यास गेलों. तो मुलगा, म्हणजे आतां सत्तावन-अठ्ठावन वर्षांचा गृहस्थ, दोन कोसांवरच्या एका बेड्यावर राहतो असें कळलें. त्यास भेटून आम्हीं तें सांगितलें. बोलावयाचें तें वाटेंत पाठ केलें होतें. प्रत्यक्षांत चार वाक्यांत आटोपलें. तो शेळीच्या गळ्याचें दावें वळीत होता. हात न थांबवितां म्हणाला,

‘मले ठाऊक हाय, भाऊ. खिडकीतून पाह्यलं व्हतं म्या तुमाले.’

मग तेव्हांच कां बोलला नाहीं, असें आम्हीं विचारलें. त्यानें प्रथमच वर पाहिलें.

‘कोनाले सांगतो? तुमच्या बापाले, का माह्या बापाले?’ थोड्या वेळानें तो म्हणाला, ‘माहा बाप मरेलोग मले पुसे, का रे, ते पैसे तू कायच्यात खर्च केले? म्या सांगो, नाही घेतले. त्याले काई पटलं नाही.’

त्याचा बाप जाऊन वीस वर्षें झालीं होतीं. आमचा हात, कबूल करावयास लाज वाटते, खिशाकडे गेला. त्याच्या तें ध्यानांत आलें. ‘पैसे नका देऊ. सांगाचंच असन त पारावर सांगा.’

परत येतांना आम्हीं पुन्हां सारा सिद्धान्त उलगडून पाहिला, आणि आमच्या युक्तिवादांतलें छिद्र तेव्हां दिसलें. बारा वर्षांच्या मुलाचा हात कोनाड्यांत गेला तो क्षण आमच्या हातचा नव्हता असें घटकाभर मानूं. पण तो क्षण एकच होता. त्यानंतरचें मौन कोणाचें? तें एका क्षणाचें नव्हे. तें रोज सकाळीं नव्यानें धरावें लागत होतें. पंधराव्या वर्षीं बोलतां आलें असतें, पंचविसाव्या वर्षीं आलें असतें. त्याचा बाप जिवंत असतांना बोलतां आलें असतें. ॲरिस्टॉटल आपल्या नीतिशास्त्रांत म्हणतो कीं, हातांतून सुटलेला दगड परत घेतां येत नाहीं, तरी तो फेंकणें न फेंकणें आपल्या हातीं होतें; स्वभावाचेंही तसेंच. हें आम्हीं सत्तावीस वेळां शिकविलें, आणि सत्तावीस वेळां दगड हातांतच होता. भित्रा स्वभाव आम्हांस वडिलांच्या धाकानें दिला असेल. पण तो भितरेपणा पन्नाशीपर्यंत पोसला तो आम्हीं. लिबेटचें यंत्र बोटाच्या हालचालीपूर्वींचा तिसरा हिस्सा सेकंद मोजतें. चव्वेचाळीस वर्षांच्या गप्प बसण्यापूर्वीं मेंदूंत काय झालें हें त्यास विचारण्यांत अर्थ नाहीं.

वाल्या कोळ्याची कथा आम्हीं आजीच्या मांडीवर ऐकली. तिच्यांतले नारद वाल्यास, तूं असा कां झालास, असें विचारीत नाहींत. त्याच्या जातीची, बापाची, दारिद्र्याची चौकशी करीत नाहींत. या पापांत वांटेकरी कोण, एवढेंच ते विचारतात. आणि तो घरीं जाऊन विचारतो तेव्हां वांटेकरी कोणी निघत नाहीं. त्याचा स्वभाव बदलावयास आरंभ होतो तो तेथून. ज्या गांवानें ही कथा कीर्तनांत शंभरदां ऐकली होती, तें गांव पारध्याच्या पोराचा स्वभाव बदलणार नाहीं असेंही त्याच श्रद्धेनें मानीत होतें.

दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं आम्ही पारावर गेलों. तो आला होता; कडेला, पायरीवर बसला. पंधरा-वीस मंडळी असतील. आम्हीं सांगितलें. लेखांत ‘आम्ही’ म्हणण्याची चाल आहे, आणि त्या अनेकवचनाच्या आडोशास बरेंच कांहीं लपतें. पारावर मात्र एकवचनांतच बोलावें लागलें. बोलून संपल्यावर क्षणभर शांतता पसरली, आणि मग जें झालें त्याची आम्हीं कल्पनाही केली नव्हती. आम्हांस लगेच क्षमा झाली. वडिलांच्या वयाचे एक गृहस्थ हंसून म्हणाले, ‘लहानपनी कोन नाही करत? पोरखेळ त्यो!’ दुसऱ्यानें, एवढा मोठा प्राध्यापक होऊन मनाला लावून घेतलें म्हणून आमची स्तुति केली. तिसऱ्यानें आपल्या मुलीच्या प्रवेशाची गोष्ट काढली. आम्हीं विचारलें, मग त्या वेळीं या पोराला पोरखेळ म्हणून कोणी कां सोडलें नाहीं? कोणी बोललें नाहीं. थोड्या वेळानें कापसाच्या भावाचें बोलणें निघालें. पायरीवर बसलेल्या माणसाकडे एकानेंही पाहिलें नव्हतें.

त्याच्याबरोबर आम्ही गांवाच्या शिवेपर्यंत गेलों. तो क्षमेविषयीं कांहीं बोलला नाहीं, आणि आम्हीं मागितली नाहीं. वेगळा होतांना म्हणाला, ‘माहा नातू शाळेत जाते. कोनाचं पेन हरपलं का पयले त्याचंच दप्तर पाह्यतात. तेथ जाऊन बोलान?’

दोन दिवसांनीं आम्ही त्याच्या नातवाच्या शाळेंत गेलों. गुरुजींनीं चहा मागविला, ऐकून घेतलें, आणि तसें पुन्हां होणार नाहीं असें म्हणाले. होईल कीं नाहीं हें पाहावयास दर सुटींत जावें लागेल. पुढें त्याप्रमाणें दोनदां जाऊन आलों.

ज्या प्रश्नानें आरंभ केला त्याचें उत्तर आम्हांस आतां एवढेंच देतां येतें. शेत वडिलोपार्जित असतें. त्यांतली काळी माती आपण केलेली नसते, आणि हरळीही आपण लावलेली नसते. ती आजोबांच्या वेळेपासून मुळें धरून बसलेली असते. शेजाऱ्याच्या शेतांत हरळी दिसली तर आधीं त्याच्या आजोबांची, त्याच्या विहिरीची, त्याच्या तुटलेल्या डवऱ्याची विचारपूस करावी. तो न्याय झाला. आपल्या शेतांत दिसली तर ती विचारपूस करीत धुऱ्यावर बसूं नये, निंदावयास लागावें. आपण याच्या नेमकें उलट करतों. स्ट्रॉसनची साखळी तुटली असा आमचा दावा नाहीं. स्वभावाचा कर्ता कोण, याचें उत्तर ती मागते. आणि तें आमच्यापाशीं नाहीं. पण शेताचा सातबारा कर्त्याच्या नांवें नसतो, धन्याच्या नांवें असतो. आणि निंदणाचें उत्तर धन्यासच द्यावें लागतें. वर्गांत हें प्रकरण पुढल्या महिन्यांत पुन्हां येईल. क्रम तोच राहील. फक्त एक उदाहरण आम्हांस या वेळीं एकवचनांत सांगावें लागेल.